चपला घालताना

खेडात पाटी लागायच्या आधी बातमी लागते. निवृत्तीनंतर घरी जीवशास्त्राची शिकवणी घ्यावी, असं मी नुसतं बोलून दाखवलं होतं, तेही घरातल्या घरात. त्याच आठवड्यात तीनबत्ती नाक्यावर भाजीवाल्यासमोर उभी असताना एका पालकानं विचारलं, “मॅडम, बॅच कधीपासून?” मग पोस्टात कुणी विचारलं, मग बँकेत. पाटी रंगवायची राहूनच गेली, आणि अजूनही तिची गरज पडलेली नाही.

नोकरीत असताना मी शिकवणी घेतली नाही. यात मोठेपणा काही नाही. दिवसा वर्गात धडा अर्धा सोडायचा आणि उरलेला संध्याकाळी घरी पैसे घेऊन पुरा करायचा, हा प्रकार मला लाजिरवाणा वाटायचा, इतकंच. पुढे 2009 चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई आहे. ते कलम तसं पहिली ते आठवीच्या शिक्षणापुरतं, म्हणजे आम्ही कनिष्ठ महाविद्यालयवाले त्यातून सुटलो असं म्हणणारे सहकारी भेटायचेच. जानेवारी 2024 मध्ये केंद्र सरकारनं कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असं सांगितलं. सांगितलं खरं. आमच्याकडे सातवीतल्या मुलाची आई “फाउंडेशन घेता का हो?” असं अजूनही विचारते. मी घेत नाही. सातवीतल्या मुलानं पाया घालायचाच असेल तर तो ओढ्यात खेकडे पकडून घालावा.

शिकवणीला मागणी का आहे, याबद्दल मला भ्रम नाही. नीटचा पेपर 720 गुणांचा आणि त्यातले 360 जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला एक वजा. ही परीक्षा पहिल्यांदा 2013 च्या मे महिन्यात झाली, मग न्यायालयात अडकली, 2016 पासून परत आली, आणि तेव्हापासून आमच्या विषयाला अचानक भाव आला. त्याआधी बायोलॉजी म्हणजे चित्रं काढायचा विषय. ज्यांना गणित झेपत नाही त्यांनी घ्यायचा, असंच समजत. आजही फिजिक्सच्या सरांची फी जास्त आणि दराराही जास्त. गुण मात्र आमच्याकडे. ज्यांना परवडतं ते दहावी झाली की मुलांना लातूरला पाठवतात, काही पुण्याला, एखादा कोट्यालाही जातो. जे राहतात ते माझ्याकडे येतात. खोपी, आंबवली, धामणंद या बाजूंनी एसटीनं येणारी ही मुलं. माझं वेळापत्रक मी ठरवत नाही, आगार ठरवतं. आणि पावसाळ्यात जगबुडी ठरवते. नदीनं सात मीटरची धोक्याची पातळी ओलांडली की बाजारपेठेतले दुकानदार माल वर चढवायला लागतात आणि आमच्या ग्रुपवर कुणीतरी आधीच लिहून टाकतं, ‘आज सुट्टी ना मॅडम?’ 26 जुलै 2005 चा आणि 22 जुलै 2021 चा पूर पाहिलेल्या गावात या प्रश्नाला आळस म्हणता येत नाही.

आता घोकंपट्टीबद्दल. माझ्या वयाचे शिक्षक शिकवण्यांवर टीका करताना हा शब्द फेकतात आणि मोकळे होतात. मला तो आळशी शब्द वाटतो. जीवशास्त्रात पाठांतर लागतंच. नाव माहीत नसलं तर समोरची गोष्ट नुसती हिरवी दिसते. माझ्याकडे सड्यावरच्या एका वाडीतला मुलगा होता. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात कीटकभक्षी वनस्पतींची दोन उदाहरणं आहेत, ब्लॅडरवर्ट आणि व्हीनस फ्लायट्रॅप. त्यानं दोन्ही नावं पाठ केली होती, शब्दाला शब्द. त्याच्या मोबाइलमध्ये व्हीनस फ्लायट्रॅपची चित्रफीत होती, अमेरिकेतल्या झाडाची. ब्लॅडरवर्ट म्हणजे श्रावण-भाद्रपदात त्याच्याच सड्यावर पसरणारी निळी-जांभळी सीतेची आसवं, हे मी सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग म्हणाला, “ती तर आम्ही तुडवत जातो.” चिखलात बुडालेल्या बारीक पिशव्या, पिशवीच्या तोंडाशी झडप, आत ओढले जाणारे डोळ्यांना न दिसणारे पाण्यातले जीव. हे सगळं त्याच्या पायाखाली चाललं होतं. पण त्याला ते नाव पाठ नसतं तर मी काय सांगणार होते? सड्याची ओळख पुस्तकातून झाली म्हणून ती खोटी ठरत नाही.

शिकवणीची जागा म्हणजे आमची पडवी. एक फळा, दोन बाकडी, उरलेले चटईवर. दीड तास आम्ही पेपराचंच बोलतो. ही ओळ अधोरेखित करा, हा पर्याय फसवा आहे, इथे ‘सर्व’ म्हटलंय की ‘बहुतेक’ ते बघा. मुलं शंका विचारतात, पण त्या वहीतल्या शंका. पान अमुक, आकृती तमुक. मग मी डस्टर ठेवते, मुलं दप्तरं उचलतात, पायऱ्यांवर चपलांची शोधाशोध सुरू होते, आणि त्यात एखादा रेंगाळतो. बंद लावता लावता, मान खाली घालून, जणू सहज आठवलं अशा आवाजात तो विचारतो. वर्गात इतकी वर्षं शिकवून मला हे प्रश्न ऐकू आले नव्हते, कारण वर्गात घंटा झाली की मी आधी बाहेर पडत असे.

बरेचसे प्रश्न खाण्याचे असतात. “मॅडम, बोंड हे फळ नाही, तर मग आम्ही खातो काय?” काजूवर नीटचा लोभ आहे. बारावीच्या पुस्तकात सफरचंद, स्ट्रॉबेरी आणि काजू ही आभासी फळांची उदाहरणं एका ओळीत येतात आणि फळ बनण्यात थॅलॅमसचाही वाटा असतो असं ते पुस्तक सांगतं. मुलं ते लिहितात. पण ज्याच्या घरी काजूची कलमं आहेत त्याला हे पुरत नाही. त्यानं मोहोर पाहिलेला असतो. आधी बी मोठी होते, हिरवी, वाकडी, आणि बोंड मागाहून तिच्या पाठीशी फुगतं, हे त्याला ठाऊक असतं. खरं फळ ती बीच. बोंड म्हणजे मुख्यतः फुलाचा फुगलेला देठ, असं वनस्पतिशास्त्राचे मोठे ग्रंथ सांगतात. “मग पेपरात काय लिहू? देठ की थॅलॅमस?” पेपरात थॅलॅमस, मी म्हणते. हे म्हणताना मला बरं वाटत नाही, पण त्याच्या चार गुणांवर माझी तत्त्वनिष्ठा चालवायचा मला अधिकार नाही. फणसाचं तर विचारूच नका. गरा म्हणजे फळ नव्हे, फुलाच्या पाकळ्यांच्या जागी जे आवरण असतं ते मांसल झालेलं. खरं फळ आत, आठळीभोवतीची पातळ पिशवी. आणि गऱ्यांच्या मधले ते चिवट धागे म्हणजे ज्यांचं फलन झालंच नाही अशी फुलं. हे कळल्यापासून एका मुलीनं फणस खायचं सोडलं नाही, पण सोलायचं काम ती आता धाकट्या भावाला देत नाही. स्वतःच मोजत बसते म्हणे.

रातांब्याचा प्रश्न दरवर्षी येतो. परसातलं झाड वाढलं, फुलतंही, पण धरत नाही. आजोबा म्हणतात नर आहे, तोडा. पुस्तकातलं फूल तर पुमंग-जायांग दोन्ही असलेलं, नीटनेटकं. आजोबांचं बरोबर आहे, मी सांगते. कोकमात नर झाडं वेगळी असतात, आणि बी पेरून लावलेल्या रोपांतली निम्म्याच्या आसपास नर निघतात. फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि फुलोरा यायला वर्षं जातात. म्हणून तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं मृदकाष्ठ कलमाचा मार्ग दिला, कोकण अमृता, कोकण हातीस या जाती दिल्या. आणि सगळी नर झाडं तोडूही नयेत. परागासाठी थोडी ठेवावी लागतात. या शेवटच्या वाक्यावर मुलगे खुश होतात.

जीवशास्त्राच्या पुस्तकातली ‘बहुतेक’, ‘सहसा’, ‘क्वचित’ ही मंडळी मला फार प्रिय आहेत. पेपर काढणारे त्यांच्यावर सापळा लावतात, मी गोष्ट सांगते. सीलेंटरेटा म्हणजे जेलीफिशचं कुळ, ‘पाण्यात राहणारे, बहुतेक समुद्रात’. एकानं विचारलं होतं, “बहुतेक म्हणजे? गोड्या पाण्यात पण असतात?” असतात. आणि आपल्याकडच्या एका माणसाला ते सापडले होते. शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म 1884, मालवण. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असताना सह्याद्रीत हिंडताना, 1911 च्या सुमारास, घाटावरच्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश मिळाला. त्या जीनसमधले जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होते. कलकत्त्याच्या नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्याला लिम्नोक्निडा इंडिका असं नाव दिलं. पुढे आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, 1946 साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी करण्यात पुढे होते, आणि आज ती संस्था त्यांच्याच नावानं ओळखली जाते. मुलांना यातलं प्राध्यापकपद लक्षात राहत नाही. शिकवणारा माणूस सुट्टीत नदीत उतरतो, हे राहतं. खेडच्या पूर्वेला तीच डोंगररांग उभी आहे, तिच्या पलीकडे कोयना. मुलं लगेच तिकडे जायला निघतात, आणि मी त्यांना लगेच घरी पाठवते, कारण शेवटची गाडी.

हे झाले हसतखेळत विचारलेले प्रश्न. काही प्रश्न विचारताना मात्र विचारणाऱ्याच्या पायांत बंद अडकून राहतो.

प्रजननाचा धडा आमच्या पिढीत ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून दिला जायचा. मी वर्गात तो शिकवत असे, पण मुली एकीकडे, मुलगे एकीकडे, सगळ्यांच्या नजरा वहीत. आता नीटनं एक उपकार केला आहे. त्या प्रकरणांवर प्रश्न येतात म्हणून ती टाळता येत नाहीत. गुणांपुढे लाज मागे हटली. लिंगनिश्चितीचा भाग झाल्यावर एक मुलगी मागे राहिली. घरात त्या तिघी बहिणी. आईकडून एक्सच जातो, वडिलांकडून एक्स किंवा वाय, म्हणजे मुलगी झाली यात आईचा संबंध नाही, एवढं तिनं नीट लिहून घेतलं होतं. बारावीचं पुस्तकसुद्धा तिथे थांबून सांगतं की मुली झाल्याबद्दल बाईला दोष देणं चुकीचं आहे. तिचा प्रश्न पुस्तकापलीकडचा होता. “मॅडम, हे आजीला कसं सांगू?” मला उत्तर सुचलं नाही. तिनंच काढलं. चिंचोके घेतले, काही सालीसकट काळे, काही सोललेले पांढरे. एका वाटीत सगळे काळे, ती आई. दुसऱ्या वाटीत निम्मे काळे निम्मे पांढरे, ते बाबा. दोन्हींतून एकेक उचलायचा. जोडीत पांढरा आला तर मुलगा. आजीनं चांगला अर्धा तास खेळ खेळला, पांढरा कुठल्या वाटीतून येतो तेही बोट ठेवून दाखवलं, आणि शेवटी म्हणाली, “पुस्तक बाईनं लिहिलं असेल.”

पुढच्या तासाला ही हकिकत तिनं सगळ्यांना सांगितली. त्यावर एक मुलगा, तो नदीकाठचा, चपला हातात घेऊन उभा. “जगबुडीतल्या मगरींचं पण असंच असतं?” खेडच्या लोकांना नदीतल्या मगरींचं नवल नाही, पुराच्या दिवसांत तर त्या रस्त्याकडेलाही दिसतात. मी सांगितलं की मगरीत एक्स-वाय नसतंच. मादी काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि त्या खड्ड्यातली उष्णता ठरवते की पिल्लं नर होणार की मादी. साधारण बत्तीस-तेहेतीस अंशांच्या आसपास नर, त्याहून थंड असेल तर माद्या. समुद्री कासवांतही उष्णताच ठरवते, तिथे मात्र जास्त ऊब झाली की माद्या. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची जी पिल्लं लोक बघायला जातात, त्यांचं नर-मादीपण वाळूनं ठरवलेलं असतं. मुलगा विचार करून म्हणाला, “म्हणजे मगरीच्या आजीला सुनेला बोलताच येणार नाही.” पडवी हसली. ती मुलगी सगळ्यांत मोठ्यानं.

मेंडेलचं प्रकरण शिकवताना मी त्याच्या परीक्षेची गोष्ट मुद्दाम सांगते. ज्याच्या नावावर मुलांचे गुण ठरतात तो मेंडेल शिक्षक व्हायची परीक्षा 1850 साली नापास झाला, आणि नापास झाला त्यात निसर्गविज्ञानही होतं. व्हिएन्नात शिकून आला, 1856 साली पुन्हा बसला, आजारी पडून परत आला. मठाधिपती होईपर्यंत शाळेत बिनसनदी शिक्षक म्हणूनच शिकवत राहिला, आणि त्याच काळात मठाच्या बागेत वाटाणे लावत होता. 1866 साली त्याचा निबंध छापला गेला. टेस्टमध्ये कमी गुण पडलेल्या मुलांना ही गोष्ट आवडते. त्यांचे पालक मात्र ती ऐकून माझ्याकडे जरा संशयानं बघतात.

याच प्रकरणानंतर एकदा एका मुलीनं विचारलं की मामाच्या मुलाशी लग्न झालं तर त्यात काही होतं का. प्रश्न ‘समजा’ या शब्दानं सुरू झाला होता. तो ‘समजा’ खोटा होता, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. आमच्या भागात आते-मामे भावंडांतली लग्नं हिंदू घरांतही होतात, मुसलमान घरांतही, आणि त्यामागे जमीन, माया, ओळखीचं घर अशी कारणं असतात. मी कोणाची वकिली केली नाही. फळा पुसलेला होता, म्हणून कागद घेतला. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं समान असतात. एखाद्या दोषाचं सुप्त जनुक दोघांकडे असेल तर प्रत्येक मुलात तो आजार उतरण्याची शक्यता एक चतुर्थांश. बहुतेक मुलं निरोगी होतात, तरी धोका इतरांपेक्षा वाढतो. थॅलेसीमियासारख्या आजाराची रक्ततपासणी लग्नाआधी करता येते. तिनं कागदाची घडी करून पेन्सिलच्या डबीत ठेवली. पुढे काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं म्हणणारे असतील. मला तसं वाटत नाही. जिला उत्तर पाहिजे होतं तिनं विचारलं, बाकी तिचं घर.

विंचवाचं मात्र मी आपणहून सांगते. चेतासंस्थेच्या धड्यात अनुकंपी आणि परानुकंपी या दोन शाखा येतात आणि मुलांच्या डोळ्यांवर झापड येते. तेव्हा मी त्यांना कशेडी घाटापलीकडे नेते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचू चावलेले रुग्ण रात्र रात्र बसून पाहिले. घामानं भिजलेले, हातपाय गार, रक्तदाब चढलेला, मग फुप्फुसांत पाणी आणि हृदय थकलेलं. विषामुळे शरीरातल्या अनुकंपी शाखेचं जणू वादळ सुटतं. 1982 साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांची निरीक्षणं छापून आली. मग त्यांनी रक्तदाबाचं एक जुनं औषध, प्राझोसिन, या रुग्णांना द्यायला सुरुवात केली, कारण ते नेमकं त्या वादळाला अडवतं. ज्या दंशानं शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत होते तिथे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता अनुकंपी शाखा कुणी विसरत नाही. पण एका मुलानं बुटाची नाडी बांधताना विचारलेलं असं: “मग आमच्याकडे जो उतरवतो, त्याच्याकडे गेलेले काही बरे कसे होतात?” उत्तम प्रश्न. कारण प्रत्येक विंचू लाल नसतो, प्रत्येक दंशात विष सारखं जात नाही, आणि बरेच जण काही न करताही बरे होतात. तुलना करायला जे गेले नाहीत त्यांचीही मोजदाद लागते. त्या दिवशी प्रयोगातला नियंत्रित गट मला फळ्यावर काढावा लागला नाही.

हे वाचून कुणाला वाटेल की रेंगाळणारी मुलंच हुशार निघतात. तसं काही नाही. माझ्याकडे येऊन गेलेल्यांत सगळ्यांत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलानं कधी काही विचारलं नाही. वेळेवर यायचा, वही भरायचा, तास संपला की चपला घालून पहिला बाहेर. मी त्याला मनात जरा कोरडा समजत असे. आता तो डॉक्टर आहे, चांगला आहे असं लोक सांगतात, आणि मी स्वतः रक्तदाब दाखवायला गेले तेव्हा मलाही तसंच वाटलं. नाडी बघताना त्यानं घाई केली नाही. मी उठून पिशवी घेतली, दाराशी पोचले, तर म्हणाला, “मॅडम, अजून काही?” मी नाही म्हटलं. तो म्हणाला, पेशंट खरं दुखणं उठताना सांगतात, म्हणून आता सवयच लागली आहे विचारायची. मग मी परत बसले आणि झोप येत नसल्याचं सांगितलं.

सध्या पडवीत माशांचा विषय चालू आहे. एका मुलाचे वडील लोट्याला कंपनीत कामाला आणि मामा खाडीत मासेमारी करणारा. घरात सणाला दोघं समोरासमोर आले की जेवण गप्प होतं, असं तोच सांगतो. खाडीत मासे मरून वर आले की मच्छीमार कारखान्यांकडे बोट दाखवतात, कारखानदार कागद दाखवतात. मुलानं पायरीवर बसून विचारलं, “मासे नक्की कशानं मरतात?” बारावीच्या पुस्तकात उत्तर आहे. पाण्यात सेंद्रिय घाण वाढली की ती खाणारे जीवाणू वाढतात, ते पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन संपवतात, मासे गुदमरतात. याच्या मोजमापाला बीओडी म्हणतात आणि नीटला त्यावर प्रश्न येतो. विषारी रसायनानं मरतात ती गोष्ट निराळी, त्याला निराळ्या चाचण्या. पण तो म्हणाला, “मोजता येतं ना? मग मोजू.”

मोजायला विंकलरची पद्धत आहे. शंभर वर्षांहून जुनी, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत होण्याइतकी साधी. जुन्या ओळखीतून मँगनस सल्फेट, आयोडाइड, थायोसल्फेट, स्टार्च जमवलं. ब्युरेट उसनी आणली. बाटली पाण्याखालीच भरून तिथेच बूच लावायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, हे शिकवायला एक अख्खी संध्याकाळ गेली आणि एक मुलगी जगबुडीच्या काठावर गुडघ्यापर्यंत भिजली. बाटलीत तपकिरी साका बसला तेव्हा सगळी डोकी एका जागी आली. हा झाला आजचा ऑक्सिजन. बीओडीसाठी दुसरी बाटली अंधारात ठेवून काही दिवसांनी पुन्हा मोजायची. पुस्तकी पद्धत वीस अंशांवर पाच दिवसांची. आपल्या हवेत वीस अंश आणायचे कुठून? म्हणून भारतीय मानकात सत्तावीस अंशांवर तीन दिवस चालतात. सत्तावीस अंश साधायचे म्हणून बाटली आमच्या मोरीत, पाण्याच्या घंगाळात, वर काळं कापड. थर्मामीटर बघायच्या पाळ्या मुलांनीच लावल्या आहेत.

मी त्यांना आधीच बजावलं आहे की एका बाटलीवरून कुणालाही दोषी ठरवता येत नाही. पाणी पुलाखालचं आहे, खाडीचं नाही; एक दिवस, एक जागा, उसनी ब्युरेट. मामाला काही सिद्ध करून देता येणार नाही आणि वडिलांनाही काही खोडून काढता येणार नाही. मुलगा म्हणाला, कळलं, मग दर महिन्याला भरू, आणि दाभोळच्या बाजूलाही तीन ठिकाणी. वडील फी द्यायला आले होते ते ऐकत होते. म्हणाले, “मॅडम, यातलं पेपरात किती येतं?” एखादा प्रश्न, मी म्हटलं. “चार गुण.” त्यांनी मोरीतल्या कापडाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, बाटली उघडायची कधी. मंगळवारी. मंगळवारी तर मुलांची टेस्ट आहे, ते म्हणाले, दोन्ही कसं होणार?

टेस्ट बुधवारी ठेवली आहे.